अंबाडीला कुलूप

समस्त सज्जनांना, विशेषतः ज्यांच्या पोटात पालेभाजीसाठी एक हळवा कोपरा आहे अशांना, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की सौदीतल्या यान्बूच्या कामगार कॅम्पातल्या आमच्या खोलीत, दोन लोखंडी कपाटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, अंबाडीची सगळीच्या सगळी रोपं एका सकाळी मान टाकून आडवी पडलेली आढळली. मृतांचं वय जेमतेम आठवडाभराचं होतं. मागे लबानचे, म्हणजे इथल्या ताकाचे, रिकामे डबे, एक एलईडी दिवा आणि तीन प्रौढ पुरुष असा परिवार.

रात्रपाळी संपवून मी नुकताच आलो होतो. हेल्मेट काढलं, सुरक्षा बूट काढले आणि डब्यांसमोर उकिडवा बसलो. पलीकडच्या खाटेवर अण्णा कुशीवर झोपल्याचं नाटक करत होते. मी काय बोलतो याची वाट बघत होते हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

हे अण्णा कोण, ते आधी सांगतो. सोलापूरकडचे. पाइप फिटरांचे फोरमन. खोलीत आम्ही तिघं. मी सांगलीचा, रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. तिसरे चाचा, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, परांच्या बांधायचं काम बघणारे आणि आमच्या खोलीचे सर्वाधिकारी स्वयंपाकी. शुक्रवारी सुट्टी असली की ब्लॉकच्या टोकाच्या सामायिक स्वयंपाकघरात चाचा रांधायचे आणि अण्णा त्यात खोट काढायचे. अण्णांनी कुठल्याही जेवणाला चांगलं म्हटल्याचं आमच्या कॅम्पात कुणाला आठवत नव्हतं. माशाचं कालवण पातळ झालं तर म्हणायचे, "चाचा, मासा शिजवलाय का पोहायला सोडलाय?" भात मोकळा झाला तर म्हणायचे की एकेक शीत हाक मारून बोलवावं लागतंय. चाचा वरवर भडकायचे, पण ताट वाढून झालं की पदार्थाकडे न बघता अण्णांच्या तोंडाकडे बघायचे. टोमणा आला की मगच स्वतः जेवायला बसायचे.

मग अण्णांना ताप आला. पाच-सहा दिवस नुसते पडून होते. ताप गेला, जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. पुढच्या शुक्रवारी चाचांनी मुद्दाम त्यांच्यासाठी कोंबडीचं कालवण केलं. अण्णांनी चार घास खाल्ले, ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "छान झालंय."

चाचा मला हाताला धरून बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन गेले. "ह्याचा काय खरं नाय रे," ते म्हणाले. "छान म्हणाला मला."

कॅम्पच्या डॉक्टरांनी सांगितलं की यावर औषध नाही, चव आपली आपण परत येईल, कधी ते सांगता येत नाही. आंबट, तिखट असलं काही आधी कळायला लागलं तर लागेल. तोवर खात राहा. पण ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागत असताना माणूस खाणार किती? अण्णांच्या पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पडत गेली. कव्हरऑल खांद्यावरून असं लोंबायला लागलं जणू मोठ्या भावाचं घातलंय. हलकी कामं दिली होती, त्यामुळे दिवसाचा बराच वेळ खोलीतच. आम्ही जेवायला बसलो की ते काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचे, आणि विचारलं की म्हणायचे, पोट भरलंय. हीच खरी भीती होती. भूक नसलेल्या माणसाला जेवायला लावता येतं. जेवणाशी भांडणच मिटलेल्या माणसाचं काय करायचं?

एका संध्याकाळी वहिनींचा, म्हणजे अण्णांच्या मंडळींचा, व्हिडिओ कॉल आला. त्यांनी विचारलं, काय खावंसं वाटतंय तेवढं तरी सांगा. अण्णांनी आधी पोट भरलंय म्हणून बघितलं. मग म्हणाले, "अंबाडी. कण्या घालून."

कित्येक आठवड्यांत त्या माणसानं मागितलेली ही पहिली गोष्ट. चाचांनी माझ्याकडे बघितलं, मी चाचांकडे. चाचांना अंबाडी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता की ती समुद्राच्या तळाशी असेल तर तिथनं आणू.

जिद्दाला अल अझीझिया भागात आमच्याकडची भाजी मिळते, असं कुणी सांगितलं म्हणून मी ओळखीच्या ड्रायव्हरला दुकानं पालथी घालायला लावली. कढीपत्ता मिळाला, शेवग्याच्या शेंगा मिळाल्या, अळूसुद्धा मिळालं. अंबाडी आली होती म्हणे, संपली. वहिनींकडे वाळवलेली अंबाडी होती, अख्खा डबा भरून. अकलूजचा एक वेल्डर सुट्टीवरून परत येणार होता, त्याला निरोप गेला. तो चटणी आणायला तयार होता, पापड आणायला तयार होता, खुर्ची म्हणालो असतो तर तीही त्यानं आणली असती. पण पिशवीभर चुरगळलेला वाळका हिरवा पाला घेऊन सौदीच्या विमानतळावर उभं राहायला तो तयार नव्हता. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. मीही तयार झालो नसतो.

मग वहिनींनी बिया पाठवल्या. शेंगदाण्याच्या लाडवांबरोबर एक छोटी पुरचुंडी, आत करड्या रंगाच्या, कोपरे असलेल्या बिया. अशा रीतीनं तीन माणसं शेतकरी झाली.

बाहेर लावायची सोय नव्हती. बाहेर ऊन, खारट वाळू, भट्टीसारखा वारा आणि कॅम्पची मांजरं. म्हणून आत. आता आमच्या खोलीची गंमत अशी की पाळीवाल्यांना दिवसा झोपावं लागतं, त्यामुळे खिडकीच्या काचेला आतून चांदीचा कागद चिकटवलेला, आणि एसी कायमचा चालू. म्हणजे रोपासाठी आम्ही शोधलेली जागा म्हणजे थंडगार अंधारी गुहा. चाचांनी लबानचे मोठे डबे धुऊन, तापवलेल्या खिळ्यानं बुडाला भोकं पाडली. नर्सरीतून नारळाच्या काथ्याचा भुसा आणि माती आणली. काथ्याचा भुसा विकत घेताना चाचांचा जीव वर-खाली होत होता. त्यांच्या घरी तो चुलीत घालायचे.

बिया उगवल्या तेव्हा आम्ही चहा वाटला. पण उगवलेल्या रोपांनी जो काही आकार घेतला तो बघवेना. पांढुरके, दोऱ्यासारखे देठ, वर दोन इवलीशी पानं, आणि सगळी मिळून न्हाणीघराच्या दिव्याकडे वाकलेली. अण्णा म्हणाले, "नुसती उंची वाढलीय. पोरगं कॉलेजात गेल्यागत." उजेड कमी पडतोय हे उघड होतं. मी एलईडी दिवा आणून वर टांगला, पानांच्या उंचीवर तळहात धरून बघितला, ऊब लागत नाही इतपत खाली घेतला. खिडकीचा थोडा चांदीचा कागद सोलून डब्यांच्या तिन्ही बाजूंना लावला, म्हणजे उजेड वाया जाऊ नये. कपाटांच्या मधे ते असं झगमगायला लागलं की एखाद्या दागिन्यांच्या दुकानाची शोकेस वाटावी.

आणि त्यानंतर, सर्व काही सुधारतंय असं वाटत असतानाच, ती सामूहिक दुर्घटना घडली.

आमच्या धंद्यात बिघाड शोधायची एक रीत आहे. काहीही बंद पडलं की लगेच हात घालायचा नाही. आधी विचारायचं, शेवटचा हात कुणी लावला होता? मी आडवं पडलेलं एक रोप उचललं. मातीलगत देठ तपकिरी होऊन चिमटीत दाबल्यासारखा बारीक झाला होता. डब्याखालच्या ताटलीत पाणी साचलेलं. मी चौकशी बसवली.

"पाणी कोण घालतं?"

अण्णा कूस बदलून म्हणाले, थोडंसं त्यांनी घातलंय. चाचा नमाज आटोपून बस गाठायच्या तयारीत होते. ते म्हणाले, ते रोज सकाळी थोडंसं घालतात. आणि मी? मी तर रात्रपाळीवरून आलो की पहिलं काम तेच करत होतो. थोडंसं. खोलीत एकाच वेळी तिघं जागे क्वचितच असायचे. एक निघाला की दुसरा यायचा. प्रत्येकाला वाटायचं, बिचारी दिवसभर तहानलेली असणार. सगळ्यात जास्त पाणी अण्णांचं निघालं. दिवसभर ते एकटे असायचे, आणि आपल्याला घास जात नाही म्हटल्यावर ते रोपांना पाजून यायचे. म्हणजे रोपं कशानं मेली म्हणाल, तर पाळी बदलताना जबाबदारी सोपवली नाही म्हणून मेली. हाताखालच्या पोरांना मी ज्यासाठी आयुष्यभर ओरडत आलो, नेमकं तेच.

मग उपायही धंद्यातलाच केला. प्लँटमध्ये एखाद्या व्हॉल्व्हवर काम चालू असलं की काम करणारा त्यावर स्वतःचं लाल कुलूप घालतो, स्वतःचा फोटो असलेलं कार्ड लटकवतो आणि किल्ली खिशात ठेवतो. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावला की थेट घरी. मी पाणी घालायच्या जगच्या कानातून कुलूप ओवलं, कपाटाच्या कडीत अडकवलं, त्याला 'हात लावू नये' असं लाल कार्ड बांधलं. न्हाणीघरात नळ होताच, कुणीही पेला भरून घालू शकला असता. पण आमच्या लोकांना कुलपाचा धाक नसतो, कुलपामागच्या माणसाचा मान असतो.

किल्ली मी अण्णांपुढे धरली.

"मला कशाला?" ते म्हणाले. "आमच्याकडं अंबाडी कुणी वाढवत न्हाई, पाव्हणं. ज्वारीच्या बांधाला ती आपली आपण येती."

पण किल्ली त्यांनी घेतली. गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीला बांधली.

दुसऱ्या पेरणीच्या वेळी अण्णांचा अंमल सुरू झाला. पाणी द्यायच्या आधी ते डबा हातात उचलून वजन बघायचे. हलका लागला तर पाणी, नाहीतर नाही. ते पाणीही बुडाच्या ताटलीत ओतायचे, रोपानं हवं तेवढं पिऊन झालं की उरलेलं फेकून द्यायचे. एक पान जरा पिवळं दिसलं म्हणून मी खताची पुडी घेऊन आलो, तर त्यांनी मला दारातच अडवलं. "लेकराला अजून दात न्हाईत, आन् तुम्ही कोंबडी चारताय." मी पुडी ठेवून दिली. ते पिवळं पान म्हणजे जन्माच्या वेळचं होतं, गळून जायचंच होतं हे पुढे कळलं.

मग एका बाजूची रोपं आक्रसायला लागली. पानांच्या कडा वर वळलेल्या, वाढ थांबलेली. दुसऱ्या बाजूची मात्र मजेत. हा बिघाड अण्णांनीच पकडला, तेही डोळ्यांनी नाही. डब्यांशेजारी बसून वहिनींशी बोलताना त्यांच्या कानाला गार वाऱ्याचा झोत लागला. एसी. यान्बूच्या त्या उन्हाळ्यात एसी बंद करायचा प्रस्ताव मांडायची कुणाची छाती नव्हती. अण्णांनी खजुराच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एसीच्या तोंडाला असा चिकटवला की सगळा वारा सरळ माझ्या खाटेवर यावा. मी दोन आठवडे शिंकत होतो. अंबाडी ठणठणीत.

या सगळ्यात एक गोष्ट हळूच घडली होती. डबे जेवायच्या टेबलाला लागून असल्यामुळे आम्ही जेवायला बसलो तरी अण्णा आता उठून जात नव्हते. बसायचे, रोपांकडे बघायचे, आणि बघता बघता अर्धी पोळी जायची. चव नव्हतीच. चाचा रोज आशेनं विचारायचे, कसं झालंय? आणि अण्णा रोज म्हणायचे, छान. तो शब्द ऐकला की चाचांचे खांदे पडायचे.

आता पानांकडे येतो, कारण पानांनी आमचा जवळजवळ निकाल लावला होता.

अंबाडीची पहिली पानं गोलसर येतात. मग रोपाला अक्कल येते आणि पानाला बोटं फुटतात. लांब, निमुळती, काठाला करवतीसारखे दाते असलेली बोटं. एके दिवशी कामावरून आल्यावर चहाचा कप हातात घेऊन चाचा डब्यांसमोर उभे राहिले ते उभेच राहिले. कप टेबलावर ठेवला, चप्पल घातली, कॅम्पच्या गेटपर्यंत चालत गेले आणि परत आले. दार आतून लावून घेतलं.

गेटवर अमली पदार्थांविरुद्ध एक मोठं पोस्टर आहे. त्यावर एक पान आहे, त्यावर लाल फुली. चाचा ते पान बघून आले होते.

"हे तेच हाय रे," ते हळू आवाजात म्हणाले.

मी वळून बघितलं, आणि पहिल्यांदाच परक्याच्या नजरेनं बघितलं. खिडकी झाकलेली. कपाटांच्या मधे लपवलेले डबे. भोवती चांदीचा कागद, वर दिवा, कुलूप लावलेलं पाणी, त्यावर 'हात लावू नये'. आणि मधोमध पाच बोटांची पानं. गुन्ह्याचं इतकं नीटनेटकं दृश्य उभं करायला पोलिसांनाही वेळ लागला असता. या देशात त्या पानाची शिक्षा काय असते हे इकामा, म्हणजे इथला रहिवासाचा परवाना, खिशात बाळगणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. चाचांच्या कपाळावर घाम होता, आणि एसी तर चालू होता.

ही अंबाडीच आहे, मी म्हणालो. पण माझी अंबाडी म्हणजे मंडईतली जुडी, नाहीतर ताटातली भाजी. डब्यात उभी असलेली मी कधी बघितली होती? अंबाडी आंबट असते, चाखून बघू, असं ठरलं. मी पान तोडून चावलं. आंबट लागलं, पण भीतीनं तोंड इतकं कोरडं पडलं होतं की माझी साक्ष मलाच पटेना. चाचांनी चावलं. चिंचेच्या पाल्यासारखं लागतंय म्हणाले, पण पोस्टरवरचं पान कसं लागतं हे त्यांना कुठे माहीत होतं? आम्ही दोघांनी अण्णांकडे बघितलं. अंबाडीवर वाढलेला माणूस खोलीत एकच होता.

अण्णांनी पान तोंडात टाकलं. सावकाश चावलं. त्यांनी ते न्हाणीघरात जाऊन थुंकलं, चूळ भरली.

"मला कशाला इचारता," ते आतूनच म्हणाले. "मला माती बी अशीच लागती."

बाहेर आले, फितीची गाठ सोडली आणि किल्ली टेबलावर ठेवली. उपटून टाका म्हणाले. त्यांच्यापायी आम्ही दोघांनी कशाला अडकायचं?

सर्वात जास्त घाबरलेले चाचा. त्यांनी डब्याला हात घातलाही, आणि मग तसाच मागे घेतला. किल्ली उचलली, अण्णांच्या मुठीत कोंबली. त्याच क्षणी दारावर थाप पडली.

खोल्यांची तपासणी. कॅम्प बॉस. हा आंध्राचा, गुंटूरकडचा, जाडजूड माणूस. त्याच्या काखेत शेजारच्या खोलीतून जप्त केलेली इलेक्ट्रिक शेगडी होती. चाचा डब्यांसमोर असे पसरून उभे राहिले की त्यांच्यापेक्षा भिंत कमी संशयास्पद दिसली असती. बॉसनं विचारलं, "पीछे लाइट काहे को जलता?" आणि अण्णा पुढे झाले.

"साब, मेरा है," ते म्हणाले. "इन दोनों का कुछ नहीं."

बॉसनं चाचांना बाजूला केलं. वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. एक पान तोडून बोटांत चुरडलं, नाकाला लावलं, मग सरळ तोंडात टाकलं. डोळे मिटले. शेगडी काखेतून घसरून पायावर पडली तरी त्याला पत्ता नव्हता.

"गोंगूरा," तो म्हणाला. हरवलेला नातेवाईक स्टेशनवर दिसावा तसा आवाज.

आंध्राकडे अंबाडीला गोंगूरा म्हणतात, आणि त्या लोकांचा तिच्यावर जीव असतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बॉस अण्णांच्या खाटेवर बसला. आईच्या हातच्या गोंगुऱ्याच्या चटणीबद्दल इतका वेळ बोलला की पुढच्या खोल्यांची तपासणी राहूनच गेली. चाचांनी आपला गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि त्याच्यासाठी नवा टाकला. जाताना त्यानं एक जुडी आपली म्हणून सांगून ठेवली, दिवा राहू द्या म्हणाला, आणि खिडकीचा कागद थोडा अजून काढायचा सल्ला दिला. त्यानंतर तो दर दोन-चार दिवसांनी तपासणीला येऊ लागला. फक्त आमच्याच खोलीत.

रोपं कपाटाच्या कडीपर्यंत आली तेव्हा शुक्रवार ठरला. अण्णांनी स्वतः शेंडे खुडले. स्वयंपाकघरात चाचांनी मिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला, पडद्यावर वहिनी. जन्मात न पाहिलेली भाजी चाचा करत होते. पाला उकडून पिळा. तुरीची डाळ. तांदळाच्या कण्या. लसणाची फोडणी, वर सुक्या मिरच्या. मीठ किती, असं चाचांनी विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, अंदाजानं. त्या दिवशी चाचांकडे अंदाज सोडून सगळं होतं.

अण्णांच्या ताटात गरम भाजी पडली. चाचा उभेच. मी भाकरी मोडण्यात गुंतल्याचं दाखवत होतो. पडद्यावर वहिनींनी पदर तोंडाला लावला होता.

अण्णांनी घास घेतला. चावला. चावता चावता थांबले. त्यांचा एक डोळा आपोआप बारीक झाला, जबड्याच्या मुळाशी काहीतरी आवळलं गेलं. त्यांनी ताटाकडे असं बघितलं, जणू तिथून कुणी हाक मारली. मग दुसरा घास. सावकाश. मी मनातल्या मनात 'छान झालंय' ऐकायची तयारी केली, चाचांचे खांदे सावरायला एक हात मोकळा ठेवला. अण्णांनी चाचांकडे वर बघितलं आणि भरल्या तोंडानं म्हणाले,

"चाचा, कण्या कच्च्या, लसूण करपलेला, आन् मीठ काय उद्याच्या फ्लाइटनं येणाराय व्हय?"